‘करंज’ पुन्हा नौदलात

मुंबईच्या नौदल गोदीत १० मार्च २०२१ रोजी ‘आयएनएस करंज’ ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. त्या सोहळ्याचे प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल विजय सिंह शेखावत. १९७१ च्या युद्धात याच नावाच्या पाणबुडीचे नेतृत्व त्यांनी केले होते. विजयाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष असल्याने जुन्या ‘करंज’वरील युद्धकालीन नौसैनिकांनाही आवर्जून निमंत्रण होते.

पहिली ‘करंज’ सोव्हिएत बनावटीची. ४ सप्टेंबर १९६९ रोजी रिगा बंदरात तिच्यावर भारतीय नौदलाचा ध्वज चढला, तेव्हा तिची सूत्रे कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्याकडे होती. डिझेल इंजिनावर विद्युतघट भरून घ्यायचे आणि पाण्याखाली त्याच साठ्यावर चालायचे, अशी तिची रचना. घट भरण्यासाठी हवा लागते आणि हवेसाठी पृष्ठभागापाशी येणे भाग पडते; शत्रूच्या पाण्यात खरा धोका असतो तो त्याच वेळी. अशा पाण्यात गस्त घालणाऱ्या ‘करंज’चे कमान अधिकारी शेखावत यांना वीरचक्राने गौरविण्यात आले.

सामंत तोवर पूर्व आघाडीवर गेले होते. मुक्तिवाहिनीच्या पाणबुड्यांची, म्हणजे पाण्याखालून पोहत जाऊन जहाजांना सुरुंग लावणाऱ्या तरुणांची, मोहीम त्यांनी हाताळली. डिसेंबर १९७१ मध्ये लहान नौकांचे पथक घेऊन ते मोंगला व खुलना बंदरांवर चालून गेले. त्यांच्या नौकेचे नाव होते ‘पनवेल’! या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. नवी ‘करंज’ नौदलात आलेली पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. मार्च २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

जुनी ‘करंज’ १ ऑगस्ट २००३ रोजी निवृत्त झाली. निवृत्त युद्धनौकेचे नाव पुढे नव्या नौकेला देण्याची नौदलात प्रथा आहे. त्यानुसार माझगाव डॉकमध्ये फ्रेंच ‘स्कॉर्पिन’ आराखड्यावर बांधलेल्या तिसऱ्या पाणबुडीला हे नाव मिळाले. जुनीची लांबी सुमारे ९१ मीटर, नवीची अवघी साडेसदुसष्ट. आकार आटोपशीर झाला, तरी डिझेल आणि विद्युतघटांचे तत्त्व तेच राहिले.

जुन्या ‘करंज’ची जातकुळी पाहायची असेल, तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर तिची भगिनी ‘कुरसुरा’ संग्रहालयरूपात उभी आहे. आत शिरल्यावर त्या अरुंद जागेत नौसैनिक कसे राहत असतील, हाच प्रश्न प्रथम पडतो.