वादळ, वीज आणि सरकारी मदत : तगाईपासून बँक खात्यापर्यंत

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितले होते. पण पाया कधी खणला, नोंदणी कधी झाली, पहिली कमिटी कोणाची, हे सगळे अध्यक्षांच्या मनोगतात येणारच आहे. मी त्याऐवजी आपल्या पंचवीस वर्षांतल्या एकाच आठवड्याबद्दल लिहितो आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले आणि पुढचे आठ दिवस आपली इमारत अंधारात होती. त्या दिवसांत जिन्यावर, गच्चीवर, गेटपाशी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, “सरकार काही देणार की नाही?” त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडे सरकारी मदतीची सुरुवात दुष्काळापासून झाली. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ आयोग नेमला, त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. पाठोपाठ १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा आला. या कायद्यांखाली मिळणारे पैसे म्हणजे तगाई. आपल्यापैकी ज्यांचे आजोबा शेती करत होते त्यांच्या घरात हा शब्द नक्की ऐकलेला असेल. तगाई म्हणजे कर्ज. बियाण्याला, बैलाला, विहिरीला मिळायचे आणि महसुलाबरोबर फेडायचे. फुकट मिळायचे ते फक्त अगदीच निराधार माणसाला. सरकारने नुकसानीपोटी पैसे द्यावेत आणि ते परत मागू नयेत, ही कल्पना त्या मानाने बरीच अलीकडची आहे.

स्वातंत्र्यानंतर हा खर्च केंद्राने किती आणि राज्याने किती करायचा, हा वित्त आयोगांपुढचा विषय झाला. दुसऱ्या वित्त आयोगाने राज्यांसाठी ‘मार्जिन मनी’ म्हणून काही रक्कम वेगळी धरली. नवव्या आयोगाच्या शिफारशीवरून १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती निवारण निधी सुरू झाला, त्यात तीन हिस्से केंद्राचे आणि एक राज्याचा. पुढे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि २०१० पासून याच निधीला राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हे नाव मिळाले. आज तलाठी पंचनामा करतो, तहसीलदार यादी करतात आणि रक्कम खात्यात जमा होते, ती साखळी या निधीपासून सुरू होते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना यात एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. त्या पूरग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी सरकारने शहराबाहेर जागा दिल्या आणि पुष्कळ ठिकाणी लोकांनी सहकारी संस्था स्थापन करून वसाहती उभ्या केल्या. म्हणजे आपत्ती आणि सहकारी सोसायटी यांचे नाते महाराष्ट्रात साठ वर्षांहून जुने आहे. पण त्यातल्या पुष्कळ संस्थांना जागेच्या मालकीसाठी पुढे अनेक दशके वाट पाहावी लागली. मदत लवकर मिळते, कागद मात्र सावकाश येतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आता निसर्गकडे येऊ. ३ जूनला दुपारी हे वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग, आपला माणगाव, तिकडे दापोली, मंडणगड, सगळीकडे नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पन्नास-पन्नास वर्षांची आंब्याची झाडे मुळासकट आडवी झाली. कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, तारा रस्त्यावर लोळत पडल्या. वर लॉकडाऊन चालू. मुंबईहून गावी आलेली माणसे घराघरात होती. किनाऱ्याकडच्या कितीतरी गावांत काही आठवडे वीज नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यांतून महावितरणचे लाइनमन आले आणि भर पावसात खांब उभे करू लागले. आपल्या फाटकासमोरची डीपी चालू झाली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, ते आठवत असेलच.

सरकारी मदतीचा क्रम असा होता. ५ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रायगडचा दौरा करून जिल्ह्याला तातडीचे १०० कोटी रुपये जाहीर केले. पुढे रत्नागिरीला ७५ कोटी आणि सिंधुदुर्गाला २५ कोटी जाहीर झाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मदतीचे दर वाढवण्याचा निर्णय झाला. पूर्ण पडलेल्या घराला आधी ९५ हजार १०० रुपये मिळत, ते दीड लाख झाले. किमान १५ टक्के पडझड झालेल्या घराला ६ हजारांऐवजी १५ हजार, झोपडी नष्ट झाली तर १५ हजार. कपड्यांसाठी ५ हजार, भांड्यांसाठी ५ हजार. छोटा दुकानदार किंवा टपरीवाला असेल तर नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त १० हजार. बागायतीला हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार, दोन हेक्टरपर्यंत. वीज नाही म्हणून नुकसानग्रस्तांना मोफत रॉकेल देण्याचेही ठरले.

ही यादी मी मुद्दाम सविस्तर दिली. ती पुन्हा एकदा वाचा आणि त्यात ‘वीज गेली’ या नुकसानीला किती पैसे आहेत ते शोधा. सापडणार नाहीत. रॉकेल सोडले तर अंधाराला दर नाही. फ्रीजमधले औषध खराब झाले, नेब्युलायझर बंद पडला, पंप बंद म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना बादलीने पाणी चढवावे लागले, घरून काम करणाऱ्या मुलाचा आठवड्याचा पगार कापला गेला, यातले काहीही पंचनाम्याच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

मग सरकारने विजेसाठी काहीच केले नाही का? केले, पण ते वेगळ्या रकान्यात आहे. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांत वीजपुरवठा तातडीने सुरू करण्यासाठी दर ठरलेले होते : एका खांबाला ४ हजार रुपये, तुटलेल्या तारेला किलोमीटरमागे ५० हजार, एका वितरण रोहित्राला, म्हणजे आपल्या भाषेत डीपीला, १ लाख. हे सगळे ११ केव्हीच्या लाइनपर्यंत. म्हणजे अंधाराची मदत माणसाला न मिळता खांबाला मिळते. पहिल्यांदा ऐकताना हे चमत्कारिक वाटते. पण विचार केला तर त्यात अर्थ आहे. हजारो घरांना थोडे थोडे पैसे वाटून दिवा लागत नाही, खांब उभा राहिला तर लागतो. माझी तक्रार एवढीच, की ही गोष्ट लोकांना कोणी समजावून सांगत नाही, आणि मग “त्यांना मिळाले, आम्हाला नाही” असे मनात राहते.

काही जण तेव्हा म्हणत होते, की वीज कंपनीकडून भरपाई मागावी. तेही तपासले पाहिजे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेचे मानक ठरवलेले असते आणि ठरावीक वेळेत पुरवठा पूर्ववत झाला नाही तर ग्राहकाला भरपाई मिळू शकते. फ्यूज उडाला आणि दिवसभर कोणी आलेच नाही, अशा वेळी तो हक्क जरूर वापरावा. पण चक्रीवादळ, पूर, भूकंप अशा कारणांना त्या नियमांत सूट आहे. तेव्हा निसर्गच्या आठ दिवसांसाठी तो रस्ता बंदच होता.

आता आपल्या सोसायटीचा हिशेब. आपल्या ३२ सदनिकांपैकी एकाही घराची १५ टक्के पडझड झाली नाही. आरसीसीची इमारत, देवाची कृपा. खिडक्यांच्या काचा फुटल्या, गच्चीवरची पत्र्याची शेड उडून शेजारच्या प्लॉटमध्ये पडली, पाण्याच्या टाकीची झाकणे गेली. कमिटीने शेडसाठी अर्ज केला. संबंधित कार्यालयाचे उत्तर आले, की शेड हे राहते घर नाही. नियमाने ते बरोबरच होते. जनरेटर भाड्याने आणला, सकाळ-संध्याकाळ एकेक तास पंप चालवला आणि मोबाइल चार्जिंगसाठी मीटर रूममध्ये बोर्ड लावला. डिझेल आणि भाडे मिळून दर सदनिकेला बाराशे रुपये आले. कुलूप असलेल्या घरांनी का द्यायचे, यावर त्या वर्षीच्या सभेत किती आवाज चढले ते इतिवृत्तात आहेच. शेवटी सगळ्यांनी दिले. माझ्या मते आपल्या पंचवीस वर्षांतला तो सर्वांत महत्त्वाचा ठराव आहे, कारण इमारत सगळ्यांची, हे त्या दिवशी पैशांत मान्य झाले.

पण या सगळ्यात एक कुटुंब राहून गेले असते. आपले तेव्हाचे वॉचमन कंपाउंडच्या मागच्या खोलीत बायको आणि दोन मुलांसह राहत होते. खोलीचे पत्रे उडाले, धान्य भिजले, मुलांची पुस्तके लगदा झाली. ३२ सदनिकांत मिळून झाले नसेल एवढे नुकसान त्या एका खोलीत झाले. खोली सोसायटीची, म्हणून पडझडीचा दावा त्यांना करता येईना. कपडे-भांड्यांची मदत राहणाऱ्याला मिळते, मालकालाच असे नाही. पण ते इथेच राहतात याचा पुरावा काय? रेशनकार्ड आणि आधार दोन्ही दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावच्या पत्त्यावर. सेक्रेटरींनी सोसायटीच्या लेटरहेडवर दाखला दिला, पगाराच्या व्हाउचरच्या प्रती जोडल्या, दोन सभासदांनी पंच म्हणून सह्या केल्या. पंचनामा झाला, नाव यादीत चढले. नंतर खात्याचा प्रश्न आला, कारण त्यांचे खाते बरेच दिवस न वापरल्याने बंद पडलेले होते. केवायसी पुन्हा करून घेईपर्यंत ऑगस्ट उजाडला. तोपर्यंत आपल्या महिला मंडळाने भांडीकुंडी, धान्य आणि शाळेची पुस्तके जमवून दिली होती. खोलीवर स्लॅब टाकायचे ठरले ते यामुळेच.

बँकेत उमेद घालवल्यामुळे मला या ‘खात्यात जमा’ पद्धतीचे विशेष वाटते. पूर्वी रोख वाटप व्हायचे, रांगा लागायच्या, मध्ये हात ओले व्हायचे. दुष्काळी गावांत आम्ही पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की पीककर्जाचे मुदत कर्जात रूपांतर करून द्यायचो. शेतकऱ्याला हप्ते मिळायचे, पण कर्ज डोक्यावर राहायचेच. आता अनुदान थेट खात्यात येते, ही सुधारणा मोठीच आहे. पण अडचणीची जागा फक्त बदलली. पूर्वी माणूस कचेरीच्या दारात अडायचा, आता कागदात अडतो. घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, भावांचे संमतीपत्र नाही, नावाचे स्पेलिंग आधारवर एक आणि पासबुकावर दुसरे. निसर्गनंतर आपल्या तालुक्यात कितीतरी जणांचे पैसे अशा कारणांनी रखडले. वादळ दोन तासांत गेले, वारस नोंदीला वर्ष लागले.

निसर्गनंतर जेमतेम वर्षाने, मे २०२१ मध्ये, तौक्ते आले. त्याच जुलैत महाडला पूर आला आणि तळिये गावावर दरड कोसळली. २०२२ पासून केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपये धरले आहेत. दर वाढतात, ते वाढत राहोत. पण अंधाराचा रकाना अजून कोऱ्यासारखाच आहे आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने त्यावर विसंबून राहू नये.

म्हणून पुढच्या पंचवीस वर्षांसाठी काही गोष्टी नव्या कमिटीपुढे ठेवतो. उपविधीप्रमाणे आपण दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड गोळा करतोच. त्याखेरीज एक छोटा आपत्ती निधी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने वेगळा ठेवावा, म्हणजे जनरेटरसाठी दारोदार फिरावे लागणार नाही. इमारतीच्या विम्यात वादळ आणि पूर यांचे संरक्षण आहे ना, हे दरवर्षी पॉलिसी उघडून बघावे. पावती फाइलला लावली की झाले, असे करू नये. घरातल्या सामानासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी मिळते, तिची चौकशी प्रत्येकाने करावी. नॉमिनेशन आणि भागपत्रावरची नावे अद्ययावत करून घ्यावीत. भाडेकरू, वॉचमन, सफाई कामगार यांच्यापैकी जे आवारात राहतात त्यांची नोंद एका वहीत ठेवावी आणि दर जूनच्या आधी ती तपासावी. घरी औषधे किंवा विजेवरचे उपकरण लागणारे आजारी माणूस असेल तर तेही त्याच वहीत लिहावे. वही साधी दोनशे पानी पुरेल.

सरकारची मदत पंचनाम्यानंतर येते आणि ती यावीच, तो आपला हक्क आहे. पण पंचनाम्याच्या आधीची पहिली रात्र शेजाऱ्यांवरच निभते. निसर्गच्या वेळी आपण ती निभावली. तेव्हा लहान असलेली मुले आता कमिटीत येऊ लागली आहेत, त्यांनी ही वही सांभाळावी. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.