दिनविशेष : ७ ऑगस्ट
मुंबईच्या तोंडाशी तेलगळती (२०१०)

मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची २०१० मध्ये आजच्या दिवशी टक्कर झाली. खलाशी वाचले, पण ‘चित्रा’ कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात गेले. तरंगत्या कंटेनरांमुळे जहाजांची ये-जा काही दिवस ठप्प झाली. तटरक्षक दलाने तवंग फोडणारी रसायने फवारली. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, अन् मासळीला गिऱ्हाईक नाही! कोळीवाड्यांचे ते नुकसान पंचनाम्यात कितीसे मावणार?

तवंग कुठे जाणार, हे मुख्यतः प्रवाह आणि वारा ठरवतात. वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने तेल पुढे ढकलले जाते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था वारा, प्रवाह, गळतीचे ठिकाण आणि तेलाचा प्रकार संगणकीय प्रारूपात घालून तवंगाच्या वाटेचा अंदाज देते. तो वेळेत मिळाला, तर तरते अडथळे नेमके कुठे लावायचे ते कळते.

खारफुटीत शिरलेल्या तेलाचे दुखणे मात्र निराळे. चिखलातून वर आलेल्या बोटभर श्वसनमुळांवर काळा थर बसला, की झाड गुदमरते. तिथे माणसे उतरवली तर पायाखाली तेल चिखलात आणखी खोल जाते. त्यामुळे तेल खाडीत शिरण्याआधी अडवणे, हाच खरा उपाय.