साबरमतीवरील एलिस पूल

न्हावा शेव्याच्या किनाऱ्यास 12 जानेवारी 2024 रोजीं शिवडीशीं जोडणारा अटल सेतु खुला झाला. सुमारें 21.8 किलोमीटर लांबीच्या या सेतूंत 180 मीटरपर्यंतचे पोलादी गाळे आहेत. नव्याचें कौतुक व्हावें हें योग्यच. परंतु जुन्या पोलादी पुलांचें काय करावें, हाहि प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. अहमदाबादच्या नागरिकांनीं त्याचें एक उत्तर दिलें आहे.

हें शहर मराठी माणसास परकें नव्हे. अठराव्या शतकांत तेथें पेशवे व गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता. पुढें त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष झालेले ग. वा. मावळंकर 1952 सालीं लोकसभेचे पहिले सभापति झाले.

साबरमतीवर 1870-71 सालीं बांधलेला लांकडी पूल 1875 च्या महापुरांत वाहून गेला. त्या जागीं अभियंता हिंमतलाल धीरजराम भचेच यांनीं 1892 सालीं पोलादी पूल उभारला. त्यास सर बॅरो हेल्बर्ट एलिस या कमिशनरांचें नांव मिळालें. अंदाज पांच लाखांचा, आणि खर्च मात्र चार लाख सात हजार! एवढी बचत पाहून सरकारासच संशय आला कीं, माल हलका वापरला असावा. चौकशी झाली, काम चोख ठरलें आणि भचेच यांस रावसाहेब हा किताब मिळाला. 1973 च्या महापुरांतहि पूल ढळला नाहीं. नदीनें केलेली ही दुसरी चौकशीच म्हणावयाची.

पुढें वाहनें वाढलीं व अरुंद पूल अपुरा पडूं लागला. 1997 सालीं तो वाहनांस बंद झाला. परंतु तो न पाडतां दोन्ही अंगांस कांक्रीटचे पूल बांधण्यांत आले व 1999 पासून वाहतूक त्यांवरून सुरू झाली. नंतर नव्या वाहतूक-योजनांसाठीं जुना पूल पाडण्याचा वा बदलण्याचा विचार निघाला, तेव्हां नागरिकांनीं विरोध केला आणि तो बेत मागें पडला. 2024 सालीं जीर्णोद्धारासाठीं निधिहि मंजूर झाला.

मात्र न पाडणें म्हणजे जतन नव्हे. पुणें जिल्ह्यांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल 15 जून 2025 रोजीं माणसांच्या गर्दीखालीं कोसळला व चौघांचे प्राण गेले. लोखंडाचा वैरी गंज. सांध्यांत ओल साचली कीं तो आंतून पोखरूं लागतो. म्हणून पाण्याचा निचरा, रंगाचा थर, सांध्यांची नियमित तपासणी आणि भाराची मर्यादा, हीं जतनाचीं खरीं साधनें होत. घरांतील वृद्धाचें ओझें आपण कमी करतों व त्याची निगा वाढवितों. जुन्या पुलासहि तोच न्याय लागू आहे.