धान्य एलेव्हेटर
शेतकऱ्यांकडून आलेले सुटे धान्य यंत्राने उंच चढवून कोठ्यांत साठवणारी व तेथून रेल्वेच्या वाघिणींत भरणारी इमारत. वाफेवर चालणारे पहिले एलेव्हेटर जोसेफ डार्ट व अभियंता रॉबर्ट डनबार यांनी अमेरिकेतील बफलो बंदरात १८४२ च्या सुमारास उभारले. पुढे लोहमार्ग पसरले, तशी अमेरिका-कॅनडाच्या गव्हाळ मैदानांत लहानसहान स्थानकांशेजारीही लाकडी एलेव्हेटरे उभी राहिली.

गाडी काट्यावर तोलून धान्य तळाच्या खड्ड्यात ओतत. फिरत्या पट्ट्यावरच्या डोलच्या ते शेंड्यापर्यंत नेत आणि नळीतून ते हव्या त्या कोठीत पडे. बांधणीतले खरे कसब भिंतींत दिसते. साठलेले धान्य बाहेरच्या अंगाला प्रचंड रेटा देते. म्हणून फळ्या पालथ्या, एकीवर एक रचून खिळ्यांनी जखडत. धान्याची धूळ भडकण्याचे भय कायम असे. पुष्कळदा लगतच पशुखाद्याची गिरणी असे. तीत मका, ओट भरडून पेंड मिसळत.

मिनेसोटातील पीव्ही-हॅग्लिन हे काँक्रीटचे गोल एलेव्हेटर (१८९९–१९००) यशस्वी ठरले आणि लाकडी बांधणी हळूहळू मागे पडली. जुन्यांपैकी फार थोडी उरली आहेत, ही मोठी हानी होय. कॅनडात मॅनिटोबातील इंग्लिस येथील लाकडी एलेव्हेटरांची रांग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केलेली आहे.