गुलाबी खोक्याआधी

मुलीला संगणकावर काही खेळायला द्यावं, त्यातून चार गोष्टी शिकून व्हाव्यात आणि इंटरनेटचं झेंगट मागे लागू नये, एवढीच माफक इच्छा घेऊन पालक शोधायला लागले की त्यांच्यासमोर आधी येतात ते रंग. गुलाबी आणि जांभळ्या चौकटीत बाहुली सजवा, केक करा, नखं रंगवा. ‘मुलींचे खेळ’ म्हणजे हेच, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की ही वाटणी कुणी आणि कधी केली, असा प्रश्नही सहसा पडत नाही. ती फार जुनी नाही. शिकवणारे संगणकीय खेळ १९६४ साली सुरू झाले आणि गुलाबी खोक्याने बाजार जिंकला तो १९९६ साली. मधल्या बत्तीस वर्षांतले कितीतरी महत्त्वाचे खेळ बायकांनी रचले आणि त्यांतले बहुतेक त्यांनी ‘मुलींसाठी’ म्हणून वेगळे काढले नाहीत. आजच्या निवडीला लागणारी कसोटी या काळातच सापडते, आणि ती रंगाची नाही. खेळात ठरवतं कोण, मूल की यंत्र, एवढंच पाहायचं असतं.

या क्षेत्रातली पहिली खेळकर्ती एक प्राथमिक शिक्षिका होती. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटोना गावच्या मेबल ॲडिस यांनी आयबीएमच्या प्रोग्रामरबरोबर ‘द सुमेरियन गेम’ रचला. पडदा नव्हता, टंकयंत्रासारख्या यंत्रावर मजकूर छापून येई. खेळणारा प्राचीन सुमेरमधल्या लगाश नगरीचा राजा. पीक किती आलं, माणसं किती आहेत हे यंत्र सांगणार. मग प्रजेला किती धान्य वाटायचं, पेरणीला किती ठेवायचं आणि कोठारात किती टाकायचं हे राजाने ठरवायचं. चुकलं तर पुढच्या हंगामात त्याची फळं भोगायची. १९७१ साली मिनिॲपोलिसमध्ये डॉन रॉविच या शिकाऊ शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने इतिहासाच्या तासासाठी ‘द ओरेगॉन ट्रेल’ केला, त्याचीही रीत हीच. १८४७ साली बैलगाडीने पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाने बैलांवर किती पैसे घालायचे, अन्नावर किती, कपड्यांवर किती? दोन्ही खेळांत माहिती उत्तर म्हणून विचारली जात नाही, निर्णयाला लागणारं सामान म्हणून हाताशी येते. सनावळी पाठ करणं आणि त्या काळात अडकलेल्या माणसाच्या जागी उभं राहणं, यांतला फरक तो हाच.

याच सुमारास, १९६७ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये सिमूर पॅपर्ट, वॉली फ्यूर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आलं. इतकी पावलं पुढे जा, इतक्या अंशांत वळ, अशा आज्ञा दिल्या की ते चालत जाऊन रेघ काढतं. चौकोन काढायचा तर कुठे किती वळायचं हे मुलाला स्वतः कासव होऊन पाहावं लागतं. चूक झाली की फुली मिळत नाही, चित्र वाकडं येतं, आणि ते सरळ कसं करायचं हा पुढचा खेळ होतो. पॅपर्ट यांचा आग्रहच असा होता की संगणकाने मुलाला चालवायचं नाही, मुलाने संगणकाला चालवायचं.

हे सगळं तेव्हा शाळांपुरतं आणि मोठमोठ्या यंत्रांपुरतं होतं. ‘ओरेगॉन ट्रेल’सुद्धा मिनेसोटाच्या शाळा दूरच्या सामाईक संगणकाला फोनच्या तारेने जोडून खेळत. ज्याला आपण आज ऑफलाइन म्हणतो ते १९७७ नंतर ॲपल टूसारखे छोटे संगणक आल्यावर शक्य झालं. खेळ फ्लॉपीवर मावू लागला आणि घरी नेता येऊ लागला. १९८० साली ॲन मॅकॉर्मिक, लेस्ली ग्रिम, टेरी पर्ल आणि वॉरन रॉबिनेट यांनी ‘द लर्निंग कंपनी’ काढली. चौघांत तिघी बायका. त्यांतल्या पर्ल यांनी त्याआधी स्त्री गणितज्ञांच्या चरित्रांवर पुस्तक लिहिलं होतं, म्हणजे मुली गणितापासून का दुरावतात हा प्रश्न त्यांना परका नव्हता. तरी १९८२ साली या मंडळींनी जो ‘रॉकीज बूट्स’ काढला त्यात ना बाहुली होती ना राजकन्या. त्यात मूल ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तर्काच्या तुकड्यांना तारा जोडून एक यंत्र बांधतं. समोरून येणाऱ्या वस्तूंपैकी अमक्या रंगाची आणि अमक्या आकाराची असेल तिलाच बुटाने लाथ मारायची आणि बाकीच्या जाऊ द्यायच्या. संगणकाच्या पोटात जे चालतं तेच मूल हाताने रचतं. मुलींना तर्क आवडावा यासाठी तो गुलाबी कागदात गुंडाळायला हवा, असं या बायकांना वाटलं नाही.

त्याच वर्षांत दुसऱ्या जातीचे खेळही आले. १९८३ साली जॅन डेव्हिडसन या शिक्षिकेने ‘मॅथ ब्लास्टर’ काढला. गणिताचं बरोबर उत्तर शोधायचं आणि तोफ डागायची. तो तुफान चालला आणि पुढच्या शेकडो शैक्षणिक खेळांनी तोच साचा उचलला. घोकंपट्टीला नाक मुरडायचं कारण नाही. पावकी, निमकी, पाऊणकी घोकून तयार झालेल्या मराठी पिढ्यांनी तोंडी हिशेबात भल्याभल्यांना मागे टाकलं आहे. पण पाढ्यांचा ठेका पाढ्यातच असतो. तोफेचा आणि गुणाकाराचा काही संबंध नाही. तोफ काढून तिथे फुगा ठेवला, केक ठेवला किंवा बाहुलीचा झगा ठेवला तरी खेळ तोच राहतो. म्हणूनच हा साचा कुठल्याही रंगात बुडवता येतो, आणि बाजाराने पुढे तो तसा बुडवलाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. रंगाचा बाऊ करू नये हे ठीक. पण मुली संगणकापासून खरोखरच दूर राहिल्या होत्या, मग त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळं काही केलं तर बिघडलं काय? दूर राहिल्या हे खरं. १९८४ साली अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत बायका सुमारे ३७ टक्के होत्या. पुढच्या पंचवीस वर्षांत त्या २० टक्क्यांच्या खाली आल्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचं एक साधं कारण दिसतं. घरातला संगणक बहुतेक वेळा मुलग्याच्या खोलीत ठेवला जाई. म्हणजे अडचण मुलींच्या आवडीपेक्षा घरातल्या जागेची आणि मोठ्यांच्या गृहीतकांची होती. मुद्दाम वेगळं करण्याचा प्रयत्नही झाला. ब्रेंडा लॉरेल यांनी मुलींच्या खेळण्याचा काही वर्षं गंभीरपणे अभ्यास करून ‘पर्पल मून’ ही कंपनी काढली, शाळकरी मैत्रिणींच्या गोष्टींवर खेळ केले आणि १९९९ साली कंपनी बंद पडली. तिचा हेतू चांगला होता. पण वेगळं दालन उघडलं की पहिल्या दालनाची दारं आपोआप मुलग्यांच्या नावावर होतात, आणि मूळ तक्रार तर त्याच दारांबद्दल होती.

याच्या उलट बाजूला १९९६ सालचं मॅटेलचं ‘बार्बी फॅशन डिझायनर’ आहे. पहिल्या दोन महिन्यांतच त्याच्या पाच लाखांवर प्रती खपल्या. मुलींना बार्बीच हवी याचा पुरावा म्हणून हा आकडा अजून दाखवला जातो. पण कावेरी सुब्रह्मण्यम आणि पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली त्याचा उलगडा वेगळा केला. यात जिंकणं-हरणं नव्हतंच. मुलीने पडद्यावर कपडे रचायचे, प्रिंटरवर खास कापडी कागदावर छापायचे, कापायचे, जोडायचे आणि खऱ्या बाहुलीला घालायचे. संगणक हा इथे खेळ नव्हता, शिवणाच्या डब्यासारखं हत्यार होतं. म्हणजे गुलाबी खोक्याच्या आतही जे चाललं ते लोगोच्या कासवाच्या कुळातलंच होतं: मुलीने ठरवायचं, यंत्राने करायचं. दुकानदारांनी मात्र रंग उचलला आणि हत्यार मागे टाकलं. बाहुल्या सजवण्याचे नंतरचे बरेच खेळ तयार झगे निवडण्यापलीकडे गेले नाहीत.

दुसरा आक्षेप ऑफलाइनच्या कौतुकावर घेता येईल, कारण तारेला न जोडलेला बाजारही काही साधुसंतांचा नव्हता. १९९५ साली सॉफ्टकी या कंपनीने सुमारे ६० कोटी डॉलर मोजून द लर्निंग कंपनी विकत घेतली, तिचंच नाव लावलं आणि स्वस्त सीड्यांचा धडाका लावला. १९९९ साली मॅटेलने हा सगळा पसारा सुमारे ३५० कोटी डॉलरला घेतला आणि वर्षभरात तोट्यात बुडून सोडून दिला. वाईट खेळ फ्लॉपीवरही होते, सीडीवरही होते. पण एक फरक उरतोच. खोकं विकलं की विक्रेत्याचा व्यवहार संपे. मूल आणखी तासभर बसलं म्हणून त्याला चार पैसे जास्त मिळत नसत, म्हणून खेळाला शेवट ठेवणं त्याला परवडे. आजच्या बहुतेक फुकट खेळांची कमाई जाहिरातीवर आणि आतल्या खरेदीवर चालते. तिथे मूल उठून जाणं हाच तोटा. खेळ ऑफलाइन असला म्हणजे तो चांगला ठरत नाही. पण त्याला मुलीला धरून ठेवण्यात फारसा रस नसतो, हे काही थोडं नाही.

मग आज निवडायचं काय, जुन्या फ्लॉप्या तर चालत नाहीत? कासवाचं कुळ मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जगलं आहे. २००० साली फ्रान्समध्ये ब्रुनो कुदाँ यांनी सुरू केलेल्या ‘जीकॉम्प्री’त लहान मुलांसाठी शंभराहून अधिक खेळ आहेत, नाव उच्चारलं की फ्रेंच कानाला ‘मला समजलं’ असं ऐकू येतं. २००२ सालचं ‘टक्स पेंट’ चित्रं काढण्यासाठी आहे आणि ते मराठीतही आहे. एमआयटीत तयार झालेलं ‘स्क्रॅच’ म्हणजे लोगोची थेट नात, आणि तेही इंटरनेटशिवाय चालतं. तिन्ही फुकट आहेत, जाहिराती नाहीत, एकदा उतरवून घेतले की तारेची गरज नाही. महाराष्ट्राला हे कुळ नवं नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेची छोटी यंत्रं आली, त्यांच्यासाठी केलेल्या खेळांतही ते कासव होतं. योजनेवर टीका पुष्कळ झाली, आणि शिक्षकाला वगळून यंत्रावर भिस्त ठेवू नये हा तिचा भाग योग्यच आहे. पण योजनेच्या नावातच एक गोष्ट होती: यंत्र प्रत्येक मुलाचं स्वतःचं. मुलीला ते भावाकडून मागून घ्यावं लागणार नव्हतं.

तेव्हा खेळ घेण्याआधी पालकांनी दहा मिनिटं तो स्वतः खेळून पाहावा. यात मुलीला काय ठरवावं लागेल? चुकलं तर नुसती फुली येईल, की काय चुकलं ते दिसेल? खेळ कुठे थांबतो का, आणि थांबल्यावर हातात काही उरतं का? १९८५ साली ‘कारमेन सँडिएगो’ या चोरणीचा जगभर पाठलाग करायला लावणारा खेळ निघाला, तेव्हा त्याच्या खोक्यात फ्लॉपीबरोबर जगाची माहिती देणारं जाडजूड पंचांगवजा पुस्तक घातलेलं होतं. अमुक झेंडा कुठल्या देशाचा, तमुक नाणं कुठे चालतं, हे शोधायला मुलाला पडद्यावरून नजर काढून पानं उलटावी लागत. खेळ विकणाऱ्यानेच मुलाला संगणकापासून उठायला लावलं होतं. आजच्या किती खोक्यांत असं पुस्तक सापडेल, हे रंग पाहण्याआधी बघावं.