परदेशात जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्व (मुंबई उपनगरे)

भारतीय आई-वडिलांच्या पोटी भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व केव्हा मिळते, केव्हा हुकते आणि त्यामुळे कोणते हक्क लाभतात किंवा गमावले जातात, यासंबंधीचे नियम व व्यवहार. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांतील अनेक कुटुंबांचा पूर्व आफ्रिका, आखाती देश, ब्रिटन व अमेरिका यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे; त्यामुळे हा प्रश्न येथे कायद्याच्या पुस्तकापुरता राहत नाही.

कायदा : संविधानाचे अनुच्छेद ५ ते ११ नागरिकत्वाविषयी असून तपशील नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये आहे. परदेशातील जन्माला त्याचे कलम ४ लागू होते आणि निकाल जन्मतारखेवर ठरतो. २६ जानेवारी १९५० ते ९ डिसेंबर १९९२ या काळातील जन्म असल्यास वडील भारतीय नागरिक असणे आवश्यक होते. आईचे नागरिकत्व धरले जात नसे. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक असणे पुरेसे झाले. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र केवळ वंश पुरत नाही. जन्मानंतर एक वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात नोंदणी करावी लागते. मुदत टळल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांनी लिहून द्यावे लागते. अशा मुलाला जन्मामुळे दुसरे नागरिकत्वही मिळाले असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत ते सोडावे लागते. न सोडल्यास भारतीय नागरिकत्व संपते.

जन्मदेशानुसार फरक : आखाती देशांत केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. तेथे जन्मलेल्या बाळाला आई-वडिलांच्या देशाशिवाय आधार नसतो, म्हणून वर्षभराची मुदत तेथे सर्वांत निर्णायक ठरते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक अथवा तेथे कायम वास्तव्याचा हक्क असलेले नसल्यास, जन्माने नागरिकत्व मिळत नाही. अमेरिकेत चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार ते जन्मतः मिळत आले आहे. तात्पुरत्या व्हिसावरील आई-वडिलांच्या मुलांना ते नाकारणारा अध्यक्षीय आदेश २० जानेवारी २०२५ रोजी निघाला आणि त्याला लगेच न्यायालयात आव्हान दिले गेले.

अंधेरीचे प्रकरण : युगांडा १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. १९७२ मध्ये तेथील हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई रहिवाशांना ९० दिवसांत देश सोडण्यास सांगितले; पण काही कुटुंबे त्याआधीच भारतात परतली होती. अशाच एका कुटुंबातील मुलगी १९६० च्या दशकाच्या मध्यास, दहा वर्षांची असताना, आईच्या पासपोर्टवर मुंबईत आली. तिचा स्वतःचा पासपोर्ट नव्हता; आईच्या पासपोर्टातील एक नोंद, एवढीच तिची ओळख. आई-वडिलांकडे ब्रिटिश कागदपत्रे होती. पुढे तिने भारतीय नागरिकाशी विवाह केला, अंधेरीत संसार केला, मुले भारतीय झाली. पासपोर्टसाठी अर्ज केल्यावर मात्र ती कोणत्याच देशाची नागरिक नसल्याचे उघड झाले. नागरिकत्वाचा अर्ज २०१९ मध्ये फेटाळला गेला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. वैध व्हिसाची अट आणि पन्नासहून अधिक वर्षांचे अखंड वास्तव्य, यांतील कशाला किती वजन द्यावे, हा वादाचा गाभा होता. ज्या कागदाच्या अभावाचा जाब तिला वयाच्या साठीत विचारला गेला, तो मिळवणे दहा वर्षांच्या मुलीच्या हाती नव्हते. प्रकरणाचे महत्त्व यात आहे. अशा राज्यविहीनतेसंबंधीच्या १९५४ व १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत सहभागी नाही. बालहक्क संहितेत तो १९९२ मध्ये सामील झाला आणि तिच्या अनुच्छेद ७ मध्ये बालकाचा राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क नमूद आहे.

ओसीआय कार्ड : भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या मुलांसाठी डिसेंबर २००५ पासून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाची सोय आहे. नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी हे नागरिकत्व नव्हे. आजीवन व्हिसा मिळतो. मतदान, घटनात्मक पदे आणि शेतजमिनीची खरेदी यांचा हक्क मिळत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने नीट, जेईई यांसारख्या परीक्षांद्वारे होणाऱ्या प्रवेशांत या विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही अधिसूचना मागील काळाला लागू होणार नाही, असे ठरवले. अमेरिकेत जन्मून तान्हेपणी मुलुंडला आलेल्या आणि येथेच दहावी झालेल्या मुलालाही, त्याचे कार्ड अधिसूचनेनंतरचे असल्यास, हा नियम लागू होतो. शाळेबाबत अडथळा नाही : शिक्षणहक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वर्षांच्या ‘प्रत्येक बालका’विषयी बोलतो.

पालकांनी नागरिकत्व बदलल्यास : आई-वडिलांनी भारतीय नागरिकत्व स्वतःहून त्यागले असल्यास अज्ञान मुलाचेही जाते; मात्र सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत ते परत मागता येते. परदेशी नागरिकत्व घेतल्याने पालकांचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपले असल्यास ही सवलत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला.

जन्मनोंद : जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० नुसार, दूतावासात नोंद न झालेल्या मुलाचे आई-वडील भारतात स्थायिक होण्यासाठी परतल्यास, आगमनापासून ६० दिवसांत येथे जन्मनोंद करता येते. जन्मनोंद आणि नागरिकत्वाची नोंदणी या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी झाली असे होत नाही. पासपोर्टसाठी उपनगरांत अंधेरी व मालाड येथे सेवा केंद्रे आहेत.



उलट स्थिती : भारतात जन्मलेल्या परकीयांच्या मुलांना नागरिकत्व अधिनियमाचे कलम ३ लागू होते; १ जुलै १९८७ पूर्वी केवळ येथील जन्म पुरेसा होता.