सोडियमच्या आत डोकावायचं कसं?

तुम्ही दौंड-मनमाड मार्गावरचे, म्हणजे आमच्या पुणतांब्यासारख्या गावचे असाल, तर रुळांवरून छोटी ट्रॉली ढकलत जाणारी रेल्वेची माणसं पाहिली असतील. ते रुळात अल्ट्रासोनिक ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनीवरून आतली चीर ओळखतात. हाच सेन्सर अणुभट्टीत ठेवला तर किती दिवस ऐकू शकेल? माझ्या विषयाचा गाभा एवढाच.

आधी हे सांगायला हवं की अणुभट्टीत कान लागतातच कशाला. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झाली. ती पाण्याच्या हौदातली भट्टी, वरून वाकलं की गाभा दिसायचा. कल्पाक्कमच्या प्रायोगिक फास्ट ब्रीडर भट्टीत (1985) मात्र पाण्याऐवजी वितळलेलं सोडियम आहे. पुराच्या गोदावरीत निदान वीतभर तरी दिसतं, सोडियममध्ये काहीच नाही, तो धातूच! मे 1987 मध्ये तिथे इंधन हलवताना आतले भाग वाकले आणि भट्टी पुन्हा चालू व्हायला 1989 उजाडलं. न दिसण्याची किंमत ती अशी.

ध्वनी सोडियममधून छान जातो. अडचण सेन्सरच्या स्फटिकाची आहे. दाबला की वीज देणारा, वीज दिली की थरथरणारा हा दाबविद्युत पदार्थ जाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवला. गंमत बघा, पुढे मारी आणि पिएर क्युरींनी किरणोत्सार मोजला तो याच क्वार्ट्झच्या पट्टीच्या मदतीने. आता आपण उलटं करतोय, किरणोत्साराने स्फटिकाची परीक्षा घेतोय. बिचारा क्वार्ट्झ त्यात नापास होतो. वेगवान न्यूट्रॉनांचा मारा पुरेसा झाला की त्याची अणुरचना विस्कटते, तो काचेसारखा होतो.

मग पीझेडटी? बाजारातल्या बहुतेक सेन्सरमध्ये हेच असतं. पण साधारण 350 अंशांच्या आसपास त्याचे गुण जातात, आणि या तापमानालाही क्युरींचंच नाव! इंधन हलवताना सोडियम 180-200 अंशांवर असतं, तेवढं तो झेपवतो. भट्टी चालू असताना सोडियम 500 च्या वर जातं, तिथे नाही. लिथियम नायोबेट 1100 अंशांपुढेही टिकतो, म्हणून तो कुणालाही आवडेल. पण नैसर्गिक लिथियमचा सुमारे 7.5 टक्के भाग लिथियम-6 असतो. तो न्यूट्रॉन अधाशासारखा गिळतो, फुटतो आणि स्फटिकाच्या आतच हेलियम आणि ट्रिटियम तयार होतात. म्हणजे उष्णतेत पास झालेला न्यूट्रॉनपुढे घरचा भेदी निघतो. लिथियम-7 वापरून बनवला तर बरा, पण महाग.

अमेरिकेत पेन स्टेट आणि एमआयटीच्या संशोधन भट्ट्यांत अॅल्युमिनियम नायट्राइड तपासला गेला आणि त्याने आशा दाखवली. त्याला क्युरी तापमानाची भानगडच नाही. माझ्या मते त्या प्रयोगांतली खरी शिकवण पद्धतीची आहे: सिग्नल भट्टी चालू असतानाच मोजायचा. नमुना बाहेर काढून मोजला तर मधल्या काळात उष्णतेने काही इजा भरून आलेली असू शकते, शिवाय तो स्वतः किरणोत्सारी झालेला असतो, हात लावायची सोय नाही. आणि स्फटिक टिकला तरी त्याला धातूला चिकटवणारा थर सुटला, तर सेन्सर बहिराच. तेव्हा गप्प झालं कोण, स्फटिक की जोड, हेही प्रयोगातच वेगळं करून दाखवावं लागतं.